फणसाचा भवरा आणि आमची टाटामोबाईल

आंबोलीचा घाट उतरताना गिअरची मूठ आबांच्या हातात आली. दांडा जागेवर राहिला आणि मूठ तेवढी तळहातात. समोर वळण, मागे हौद्यात घनसाळ तांदळाची पोती, आणि आबा तिसऱ्यातून दुसऱ्यात येत होते. त्यांनी ती मूठ माझ्या मांडीवर टाकली, उघड्या दांड्यावर तळहात दाबून दुसरा गिअर टाकला, वळण काढलं, आणि मग म्हणाले, "घे तुझा फुटबॉल."

फुटबॉल मीच आणला होता. काळी-पांढरी प्लॅस्टिकची मूठ, कुठल्याही गाडीला बसते असं दुकानदार म्हणाला होता. कुठल्याही गाडीला बसणारी वस्तू कुठल्याच गाडीला नीट बसत नाही, हे तेव्हा कळायला हवं होतं. तिच्या बुडाला तीन बारके, बिनमुंडीचे ग्रब स्क्रू असतात. दांडा आत घालायचा आणि ॲलन कीनं तिन्ही बाजूंनी आवळायचा. आटे नाहीत, काही नाही, नुसतं चिमटीत धरून ठेवणं. जुन्या डिझेल गाडीचा दांडा दिवसभर थरथरतो, त्यात ते स्क्रू महिनाभर टिकले हेच नवल.

आमची गाडी टाटामोबाईल २०६. टाटांनी १९८८ साली ही पिकअप बाजारात आणली. सिएरा आणि इस्टेट या नंतरच्या गाड्या हिच्याच पायावर उभ्या राहिल्या. आमची ९५ सालची, आबांनी सेकंडहँड घेतलेली. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, पाच गिअर. मूळची मूठ कधीच झिजून गेली होती, तिच्यावर आबांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. ती पट्टी उन्हाळ्यात चिकट व्हायची आणि हाताला काळं लागायचं, म्हणून मी फुटबॉल आणला होता. आता फुटबॉलही गेला. मी ठरवलं की मूठ आपणच करायची, लाकडाची. आबा म्हणाले, "कशाला रं एवढा घोर? जुनीच गुंडाळ की परत ट्यूब." मी ऐकलं नाही.

पहिला प्रश्न होता आट्यांचा. रॉकेलनं घासून दांड्याचं टोक बघितलं तर कंपनीचं टोक नव्हतंच. आधीच्या कुणा मालकाच्या काळात दांडा वरून मोडला असणार. एका बोल्टाची मुंडी कापून तो दांड्यावर वेल्ड केला होता, आणि वेल्डिंग करणाऱ्यानं तो नाकासमोर सरळ न ठेवता किंचित ड्रायव्हरकडे कलता ठेवला होता. व्हर्नियर लावला, आट्यांवरची जाडी भरली ११.८ मिलिमीटर. म्हणजे बारा एमएमचा बोल्ट. पण बारामध्येही पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वेगवेगळी येते: जाड आट्याची १.७५, बारीक आट्याची १.५ किंवा १.२५. पिच गेज माझ्याकडे नव्हता. मग कागदाची पट्टी आट्यांवर दाबून त्यावर ठसे उमटवले आणि दहा आट्यांचं अंतर एकदम मोजलं. साडेसतरा मिलिमीटर. भागिले दहा, पावणेदोन. साधा जाड आट्याचा बोल्ट, हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतो तो. त्या अज्ञात वेल्डरचे त्या दिवशी आभार मानले, कलता बोल्ट माफ.

आकारावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचा पश्चात्ताप नाही. आदल्या वर्षीच्या गणपतीची उरलेली शाडू होती. ती भिजवून मी घरात बसून मुठीचा एक छान घडीव आकार केला, बोटांच्या खोबणींसकट. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून दांड्यावर लावला तेव्हा लक्षात आलं की तो उजव्या हाताचा झालाय. आपल्याकडे गिअर डाव्या हातानं टाकतात, हे मला वीस वर्षं गाडी चालवून घरात बसल्यावर आठवलं नाही.

मग खोबणी सोडल्या. नुसता ओल्या शाडूचा गोळा दांड्यावर बसवला, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि आबांना म्हटलं, उत्तूरपर्यंत जाऊन या. परत आल्यावर पिशवी काढून बघितलं. मला वाटत होतं पाची बोटांचे ठसे असतील. तसं काहीच नव्हतं. वरच्या बाजूला तळहाताच्या मांसल भागाचा एक पसरट खळगा, आणि पुढच्या बाजूला खालून दोन बोटांच्या खुणा. एवढंच. आबा मूठ धरतच नाहीत. पुढचा गिअर तळहातानं ढकलतात आणि मागचा दोन बोटं आकड्यासारखी अडकवून ओढतात. दुकानात मिळणाऱ्या बोटांच्या खोबणीवाल्या मुठी कुणाच्या हातासाठी करतात कोण जाणे. आमच्या आबांच्या हाताला पाहिजे होतं वरून रुंद, पसरट आणि खाली निमुळतं होत गेलेलं काहीतरी, म्हणजे दोन बोटांना खालून धरायला कड मिळेल.

लाकडात थेट आटे पाडले तर ते चार दिवसांत पिठासारखे झिजतात. म्हणून आत धातूची बुशिंग पाहिजे, म्हणजे आतून आटे पाडलेला धातूचा तुकडा. त्यासाठी कोल्हापूर गाठलं. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्याला वस्तू सांगायची गरज नसते, मापं सांगायची असतात. पितळी बार २२ मिलिमीटर व्यासाचा, लांबी ३५, आत २५ खोल आंधळं, म्हणजे आरपार न जाणारं भोक, आटे बारा पावणेदोनचे. त्यानं १०.२ चं ड्रिल मारलं आणि आटे पाडायचे तीनच्या संचातले टॅप एकामागून एक फिरवले. भोक आंधळं असलं की तिसरा टॅप घ्यावाच लागतो, नाहीतर तळाचे आटे अर्धवट राहतात आणि मूठ मध्येच अडते. पितळ कातताना बघायला मजा येते. लोखंडाचा कीस लांब वेटोळ्यांनी निघतो, पितळाचा साखरेसारखा उडतो. बाहेरून त्यानं नर्लिंग करून, म्हणजे बारीक खाचा पाडून दिल्या, चिकटवताना अरल्डाइट गोंदाला धरायला खरखर मिळते.

खरं तर मला सगळी मूठच जड हवी होती. मुठीला वजन असलं की गिअर स्वतःच्या तोलानं आत पडतो, हाताला काम कमी लागतं, हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि ते बरोबरही आहे. मी तीनशे ग्रॅमपर्यंत जायच्या विचारात होतो. आमच्या आजऱ्याच्या मिस्त्रीनं मला थांबवलं. गिअर जागेवर धरून ठेवणारी एक गोळी आणि स्प्रिंग असते. तीस वर्षांच्या गाडीत ती झिजलेली असणारच. दांड्याच्या टोकावर जड गोळा बसवला तर खड्ड्यात तो गोळाच दांड्याला हिसका देणार. "खड्ड्यात गाडी आपटली की गिअर सुटंल," तो म्हणाला, "आणि मग माझ्याकडं येशील." बुशिंग तयार झाल्यावर भरली पंचाण्णव ग्रॅम. लाकूड धरून सगळी मूठ एकशे तीसच्या आसपास जाणार होती. तेवढं पुरे.

लाकूड फणसाचं. जुलैत परसातला फणस वाऱ्यानं आडवा झाला होता. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं, वर्षं जातील तसं मधासारखं आणि मग तपकिरी होत जातं. आमच्या भागात घरांचे खांब याचेच, मृदंगाचं खोडही याचंच. एक ओंडका चुलीच्या वर माळ्यावर टाकला आणि नोव्हेंबरमध्ये तो घेऊन सावंतवाडीला गेलो. आजऱ्यात लेथवाले आहेत, पण ते लोखंडाचे. लाकूड कातावं ते सावंतवाडीच्या माणसानं.

चितार आळीत रंगीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. तिथं विचारत विचारत एका कातारी काकांच्या घरी पोहोचलो. ओसरीवर मोटारीवर चालणारा लेथ, खाली भुशाचा ढीग, भिंतीला टेकून पटाश्यांची रांग. मी शाडूचा नमुना पुढे केला. काकांनी तो उलटा धरून बघितला.

"हो तर भवरो!"

खरंच भोवराच होता. वर रुंद, खाली निमुळता. एवढे दिवस बघून मला ते दिसलं नव्हतं. काकांनी भोवऱ्याच्या टोकावर बोट ठेवलं, जिथं लोखंडी आर ठोकतात तिथं. "आरेच्या जाग्यार तुझो बोल्ट." मग ओंडका हातात घेतला, नख रुतवून बघितलं, वास घेतला आणि परत माझ्याकडे दिला. "ह्या लाकूड ओला आसा. फुटतला."

मी म्हटलं, काका, चार महिने चुलीवर होतं. ते हसले. चार महिन्यांत साल सुकते. एवढ्या जाडीचं लाकूड सावलीत नीट सुकायला इंचाला वर्ष धरायचं असतं, आणि माझा ओंडका चार इंचांचा. शिवाय मी तो मधोमध गाभ्यासकट कापला होता, आणि गाभा असलेलं लाकूड हमखास तिथूनच उकलतं. पण मी आजऱ्याहून घाट उतरून आलो होतो, तोंड पडलेलं बघून काका म्हणाले, "कातून देतंय, पण फुटला तर माझ्या नावान बोंब मारू नको."

नाही मारणार. तेवीस डिसेंबरला सकाळी टेबलावर मूठ फुटलेली सापडली. वरपासून खालपर्यंत एक चीर, आत पितळ चमकतंय. मी तोवर बुशिंग चिकटवून वर पॉलिशही मारलं होतं.

जानेवारीत पुन्हा गेलो, दुसरी पितळी बुशिंग करून घेऊन. आता ओंडका नव्हता, आमच्या जुन्या घराच्या पडवीतल्या खांबाचा तुकडा होता. आजोबांच्या काळातलं लाकूड, सुकायचं ते कधीच सुकलेलं. काकांना फुटकी मूठ दाखवली. त्यांनी चिरेत नख घातलं आणि एका वाक्यात सगळं सांगितलं. "लाकूड सुकता, पितळ सुकणा नाय."

हे मला इतकं उशिरा का कळावं? ओलं लाकूड सुकताना आखडतं. सगळं आखडतं, म्हणजे त्यातलं भोकही लहान होतं. आत पितळ नसतं तर भोक बारीक झालं असतं आणि तेवढ्यावर भागलं असतं. पण पितळ हटत नाही. मग लाकडाला फाटण्यावाचून गत्यंतर नाही. मूठ बनवणं म्हणजे लाकडाला छान आकार देणं असं मी समजत होतो. खरी मेख त्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत होती, लाकूड आणि पितळ यांच्यामध्ये.

काकांनी आधी खांबाच्या तुकड्यावरून लोहचुंबक फिरवलं. दोन ठिकाणी चिकटलं. जुन्या लाकडात मोडके खिळे असतात, पटाशी त्यावर गेली तर धार जाते आणि डोळाही जाऊ शकतो. खिळे टाळून तुकडा कापला, रेषा उभ्या राहतील असा लेथवर बांधला, म्हणजे दांड्याच्या दिशेनं. आधी भोक. लेथवरच मागच्या टोकाकडून ड्रिल घातलं, त्यामुळे भोक बरोबर मधोमध आलं. हातातल्या ड्रिलनं कितीही नेम धरला तरी तसं येत नाही. व्यास २२.५, पितळापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं. ठोकून घट्ट बसवायचं नाही, सैल ठेवून अरल्डाइटनं भरायचं.

नंतर कातणं. याचं वर्णन मी करू शकतो, पण त्यांचा हात मला शब्दांत धरता येणार नाही. पटाशी लागली की आधी खडखड आवाज येतो, कोपरे गेले की तो सूं होतो, आणि पिवळ्या-तपकिरी फिती उडून त्यांच्या सदऱ्यावर बसतात. पाच-सहा मिनिटांत भोवरा झाला. मी शाडूचा नमुना शेजारी धरला, त्यांनी बघितलाही नाही. एकदा थांबून माझा डावा हात मागितला, वरच्या पसरट भागावर ठेवायला लावला, आणि कड आणखी कणभर घेतली.

वर लाख. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून लाकडावर पसरते. ब्रश नाही, सुकायची वाट बघणं नाही. मग केवड्याच्या पात्यानं दाबून घासलं आणि मुठीवर काचेसारखी चमक आली. मी रंग नको म्हटलं, नुसती पारदर्शक लाख. काकांना ते पटलं नसावं, त्यांच्या मते लाल पट्टा पाहिजेच होता.

घरी येऊन बुशिंग चिकटवली. पितळ पॉलिश पेपरनं खरवडलं, थिनरनं पुसलं, अरल्डाइटचे दोन्ही भाग सारखे घेऊन कालवले आणि बुशिंग दाबून बसवली. सकाळी बघतो तर ती तीन मिलिमीटर वर आलेली. भोक आंधळं, आत अडकलेल्या हवेनं रात्रभर हळूहळू तिला बाहेर ढकललं होतं. नशीब, अरल्डाइट अजून पुरतं कडक नव्हतं. बुशिंग उपसून काढली, कानशीनं तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक चर पाडला हवा जायला, दोन्हीकडचं अरल्डाइट खरवडलं आणि पुन्हा चिकटवली. या वेळी वर वरवंटा ठेवला.

मूठ गाडीत बसली. खाली चेक नट आहे, १९च्या पान्यानं आवळायचा. त्याशिवाय मूठ धक्क्यांनी फिरत फिरत सैल होते. वर गिअरचा नकाशा कोरायचा विचार होता, पण तो केला असता तर नकाशा बरोबर समोर येईल अशाच जागी मूठ थांबवावी लागली असती. आबा म्हणाले, "मला नकाशा कशाला? आणि दुसऱ्या कुणाला मी गाडी देत न्हाई." विषय संपला.

महिनाभर सगळं झकास. मग आईला तपासायला कोल्हापूरला न्यायचं होतं. दवाखान्याच्या दारात सॅनिटायझरची बाटली. आबांनी येताना आणि जाताना दोन्ही वेळा हात चोळले आणि ओल्या हातानं गिअर टाकला. आजऱ्याला पोहोचेपर्यंत मुठीची चमक जाऊन बोटांचे ठसे उमटले होते, वर चिकट पांढुरका थर. सुतार फ्रेंच पॉलिश करतो तेव्हा चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो. सॅनिटायझर म्हणजे बहुतांशी तेच स्पिरिट. मला हे माहीत होतं, फक्त दोन गोष्टी एकमेकींशेजारी कधी ठेवल्या नव्हत्या. आणि मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या केबिनमध्येही लाख मऊ पडली असती, हे नंतर लक्षात आलं. खेळण्याला, पाळण्याला लाख उत्तम. गाडीला नाही.

शेजारी म्हणाले, काजूच्या टरफलाचं तेल लाव, वाशांना लावतो तसं, कधी कीड नाही. खरंच आहे, पण ते तेल कातडी भाजतं, आणि आबांना दिवसभर ती मूठ हातात धरायची आहे. शेवटी सगळी लाख पॉलिश पेपरनं उतरवली आणि जवसाचं तेल लावलं. फडक्यानं चोळायचं, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घ्यायचं, वाळू द्यायचं, पुन्हा. असे पाच हात, प्रत्येकात तीन-चार दिवस. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. मी ती दोरीवर पसरून वाळवली, आईनं विचारलं हे काय वाळत घातलंयस.

तेलावर चमक नाही. मूठ आता खांबासारखीच दिसते, तपकिरी, मंद. घामानं ती बिघडत नाही, आणि डाग पडला तर पुन्हा थेंबभर तेल.

ती फुटकी पहिली मूठ पुतण्यानं पळवली. त्यानं भोकात लाकडाची पाचर ठोकून त्यात खिळा बसवला आणि जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळून भोवरा केला. चिरेमुळे एका बाजूला फेंगाडतो, पण फिरतो.

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा एक गंमत दिसली. मुठीच्या बुडाशी पितळ आणि लाकूड यांच्यामध्ये केसाएवढी फट पडली. मला वाटलं, पावसात लाकूड फुगेल आणि पितळाला अजून घट्ट धरेल. उलटंच झालं: लाकूड फुगलं की त्यातलं भोकही मोठं होतं. अरल्डाइटनं बुशिंग धरून ठेवली आहे, मूठ हलत नाही, पण फट दिसते. दिवाळीनंतर ती मिटली. आता पाऊस पुन्हा सुरू झालाय, आणि गाडीत बसलो की माझं नख आधी तिथं जातं. आबा स्टार्टर मारतात, क्लच दाबतात आणि माझा हात बाजूला करतात. "बघू नगो रं सारखं. पहिला टाकू दे."